नळ्यांतून तारांवर : एका गीताचा प्रवास

गेल्या आगमनकाळाच्या प्रारंभी आमच्या प्रार्थनामंदिरात एक लहानसा प्रसंग घडला. सायंप्रार्थनेपूर्वी ईश्वरविज्ञानाच्या दुसऱ्या वर्षातील एका विद्यार्थ्याने कोपऱ्यातील जुन्या पियानोवर बाखची एक रचना वाजविली. रचना मूळची ऑर्गनवरची. तिला पियानोचे रूप दिले ते फेरुच्चो बुसोनी या इटालियन वादकाने. विद्यार्थ्याचे वादन साधे व निगर्वी होते. प्रार्थना संपल्यावर आमच्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी सौम्य शब्दांत, परंतु स्पष्टपणे हरकत घेतली. त्यांचे म्हणणे असे की, जे संगीत मंडळीच्या उपासनेसाठी जन्मास आले ते ऑर्गनवरून उतरवून मैफलीच्या वाद्यावर चढविले की त्याचा धर्मच बदलतो. मग तेच पुन्हा देवालयात आणणे म्हणजे दिवाणखान्यातील शोभेची वस्तू वेदीवर मांडण्यासारखे होय. विद्यार्थी गप्प राहिला. आम्हीही त्या वेळी काही बोललो नाही, कारण उत्तर आमच्यापाशी तयार नव्हते.

ही हरकत क्षुल्लक नव्हे. उपासनेतील वस्तू उपासनेबाहेर नेल्यास तिचे काय होते, हा प्रश्न केवळ संगीताचा नाही. प्रस्तुत लेखात आम्ही त्याचा विचार इतिहासाच्या आधारे करू इच्छितो. आणि त्यासाठी त्या सायंकाळी वाजविल्या गेलेल्या त्या एका रचनेचाच माग काढणार आहोत.

आरंभी शब्दांविषयी थोडेसे. ‘ऑर्गन’ म्हटले की मराठी वाचकास संगीत नाटकांतील, पायाने भाता चालवून वाजविण्याचे छोटे वाद्य आठवते. येथे अभिप्रेत आहे तो युरोपातील चर्चमधील नळ्यांचा ऑर्गन. तसेच एका वाद्यासाठी रचलेले संगीत दुसऱ्या वाद्यासाठी लिहून काढणे, या क्रियेला ‘भाषांतर’ या शब्दाच्या धर्तीवर आम्ही ‘वाद्यांतर’ म्हणणार आहोत.

उन्ना येथील पाळक

जर्मनीच्या वेस्टफालिया प्रांतातील उन्ना या गावी सोळाव्या शतकाच्या अखेरीस फिलिप निकोलाई नावाचे लूथरपंथी पाळक सेवा करीत होते. १५९७ साली त्या गावात प्लेगची साथ आली व हजाराहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. मृतांना मूठमाती देणे हेच त्या पाळकाचे नित्यकर्म होऊन बसले. अशा दिवसांत निकोलाई यांनी सार्वकालिक जीवनाच्या आनंदाविषयी एक चिंतनग्रंथ लिहिला. तो १५९९ साली छापला गेला आणि त्याच्या शेवटी त्यांनी स्वतःची गीतेही जोडली. त्यांपैकी एक मत्तयाच्या शुभवर्तमानातील दहा कुमारिकांच्या दाखल्यावर आधारलेले आहे. मध्यरात्री पहारेकऱ्यांची हाक येते, वर येत आहे असे कळते, आणि निद्रिस्त नगरी जागी होते, असा त्या गीताचा आशय. तीन कडव्यांचे हे गीत जर्मन मंडळ्यांच्या तोंडी इतके बसले की त्याच्या चालीचे पहिले तीन चढते स्वर कानी पडताच शब्द आपोआप ओठांवर यावेत.

हे येथे मुद्दाम सांगितले, कारण पुढील सर्व प्रवासात वाद्ये बदलत गेली तरी मुळाशी काय होते ते नजरेआड होऊ नये. मुळाशी होते एका पाळकाने मृत्यूच्या सान्निध्यात राहून दिलेले आशेचे प्रवचन.

बाख : पहिला वाद्यांतरकार

योहान सेबास्तियन बाख १७२३ साली लाइप्झिग येथील संत थॉमस चर्चचा कांटोर, म्हणजे संगीतप्रमुख झाला. लूथरपंथी उपासनाक्रमात त्रैक्य रविवारानंतरचे रविवार मोजले जातात. ईस्टर फार लवकर आला तरच त्यांत सत्ताविसावा रविवार पडतो, आणि त्या दिवसासाठी दहा कुमारिकांचा पाठ नेमलेला आहे. १७३१ साली ईस्टर २५ मार्चला आला. त्यामुळे त्या वर्षी २५ नोव्हेंबरला हा दुर्मीळ रविवार उगवला. त्या दिवसासाठी बाखने निकोलाईंच्या गीतावर सात भागांची एक कांटाटा रचली. तिच्या मध्यभागी, चौथ्या स्थानी, गीताचे दुसरे कडवे येते. सारी व्हायोलिने व व्हिओला एकसुरात एक डोलती, जवळजवळ नृत्यासारखी धून वाजवीत राहतात, खाली मंद्र स्वर चालत असतात, आणि या दोहोंमध्ये टेनर आवाज कडव्याची एकेक ओळ शांतपणे मांडीत जातो. वऱ्हाड पुढे सरकत आहे आणि त्याच्या मधोमध मंडळी आपले गीत गात उभी आहे, असा भास श्रोत्यास होतो.

यानंतर सुमारे सतरा वर्षांनी, १७४८ च्या आसपास, योहान गेओर्ग शुब्लर याने बाखची सहा ऑर्गन-कोराले प्रसिद्ध केली. (मंडळीने गावयाच्या गीताची चाल म्हणजे कोराल.) त्यांपैकी पहिले हेच. बाखने स्वतःच आपली कांटाटा ऑर्गनवर उतरविली होती. व्हायोलिनांची धून उजव्या हाताकडे, टेनरची चाल डाव्या हाताकडे दुसऱ्या स्वरपटावर, आणि मंद्र स्वर पायांकडे, अशी ती वाटणी आहे. गायक गेला, तंतुवाद्ये गेली; एकच मनुष्य दोन हातांनी व दोन पायांनी सारे वाजवू लागला.

आमच्या सहकाऱ्यांच्या हरकतीला पहिले उत्तर येथे मिळते. वाद्यांतराची प्रथा मैफलीच्या वादकांनी चर्चवर लादलेली नाही. ती खुद्द बाखची आहे. तरुणपणी, वायमारच्या दरबारी ऑर्गनवादक असताना, त्याने विवाल्दीचे व्हायोलिनसाठी रचलेले कॉन्चेर्तो ऑर्गनवर आणले होते. म्हणजे दरबारातील लौकिक संगीतही त्याने ऑर्गनवर चढविलेच. शिवाय बाखच्या मृत्यूनंतर झालेल्या वाटणीच्या कागदपत्रांत पायपट्ट्यांसह घरगुती तारवाद्यांचा उल्लेख आढळतो. ती त्याने धाकटा मुलगा योहान क्रिस्तियान यास दिली होती. त्या काळी ऑर्गन वाजवावयाचा तर भाते चालविण्यास दुसरा मनुष्य लागे, आणि हिवाळ्यात चर्चमध्ये बोटे गारठत. साहजिकच ऑर्गनवादक सराव घरी, तारांवर करीत. तात्पर्य, नळ्या व तारा यांच्यामधील भिंत त्या काळी आपण समजतो तितकी उंच नव्हती.

वायू आणि हातोडी

तरी दोन वाद्यांतील भेद मूलगामी आहे, आणि तो समजल्यावाचून पुढील इतिहास कळणार नाही. ऑर्गनच्या नळीत वारा शिरतो व ती बोलते. पट्टी दाबून धरली आहे तोवर स्वर जराही न घटता चालू राहतो. वादकाचा श्वास संपला तरी ऑर्गनचा संपत नाही. एकाच पट्टीला वादक इच्छेनुसार एक किंवा अनेक नळीसमूह जोडू शकतो, त्यामुळे एका बोटाखाली एकाच वेळी मूळ स्वर, त्याच्या खालच्या सप्तकातला व वरच्या सप्तकातला असे तिन्ही वाजू शकतात. परंतु बोट हलके ठेवले काय किंवा जोराने ठेवले काय, नळीच्या आवाजात फरक पडत नाही.

पियानोत याच्या उलट. हातोडी तारेवर आघात करते आणि स्वर जन्मल्या क्षणापासून विझू लागतो. उजव्या पायाखालचे पेडल दाबल्यास तो काही काळ रेंगाळतो खरा, पण मरणे टळत नाही. मात्र येथे प्रत्येक स्वराला वेगळे वजन देता येते. दहा बोटांतील एकच बोट किंचित अधिक भार देऊन गर्दीतून एखादी चाल वर काढू शकते. ऑर्गनला जे दोन स्वरपटांनी व निरनिराळ्या नळ्यांनी साधते ते पियानोवर बोटांच्या वजनाने साधावे लागते.

म्हणून ऑर्गनचा स्वर शाश्वततेची आठवण देतो, तर पियानोचा स्वर मर्त्य असतो, असे म्हणण्याचा मोह होतो. हा मोह आम्ही थोडा आवरू इच्छितो; परंतु वाद्यांतर करणाऱ्यापुढील अडचण नेमकी हीच असते. न विझणारा स्वर विझणाऱ्या स्वरांनी कसा सुचवावा?

लिस्ट व बुसोनी

बाख १७५० साली वारला. त्याचे संगीत शिष्यपरंपरेत टिकले, पण सर्वसामान्य श्रोत्यांना ते पारखे झाले. १८२९ साली मेंडेल्सोनने बर्लिन येथे संत मत्तयप्रणीत दुःखसहनाची संगीतरचना पुन्हा सादर केली. १८४० च्या ६ ऑगस्टला त्यानेच लाइप्झिगच्या संत थॉमस चर्चमध्ये बाखच्या ऑर्गनरचना वाजवून स्मारकासाठी निधी जमविला. १८५० साली बाखचे समग्र संगीत छापण्यासाठी संस्था स्थापन झाली. तरीही या रचना ऐकावयाच्या कोठे? ध्वनिमुद्रणाचा शोध लागलेला नव्हता. मोठा ऑर्गन व तो वाजवू शकणारा कुशल वादक दोन्ही एकत्र असलेली ठिकाणे मोजकी होती. पियानो मात्र घरोघर पोहोचत होता.

अशा वेळी फ्रान्झ लिस्टने बाखचे सहा प्रेल्यूड व फ्यूग पियानोसाठी लिहून काढले. ते १८५२ साली लाइप्झिगला प्रसिद्ध झाले. त्या सुमारास लिस्ट वायमारला राहत होता. बाखने आपल्या ऑर्गनरचनांपैकी पुष्कळशा ज्या गावी केल्या तेच हे वायमार. मैफली गाजविणारा म्हणून लिस्टची कीर्ती होती. तथापि या सहा रचनांत त्याने कमालीचा संयम पाळला आहे. पायांनी वाजवावयाची ओळ त्याने डाव्या हातात सामावून घेतली, जेथे आवश्यक तेथे ती सप्तकाने दुणावली, आणि स्वतःचे असे फारच थोडे घातले. याच लिस्टने १८६५ साली रोममध्ये कॅथलिक चर्चच्या कनिष्ठ दीक्षा स्वीकारल्या, ही गोष्ट आमच्या वाचकांस ठाऊक असेलच.

फेरुच्चो बुसोनी (१८६६–१९२४) याची कथा वेगळी आहे. १८८८ साली लाइप्झिगच्या संत थॉमस चर्चमध्ये त्याने बाखचा डी मेजरमधील प्रेल्यूड व फ्यूग ऑर्गनवर ऐकला. सोबत काटी पेट्री ही व्हायोलिनवादकाची पत्नी होती. हे पियानोसाठी का लिहून काढत नाही, असे तिने सुचविले. तोवर बुसोनीच्या मनात असा विचारही आलेला नव्हता. तेथून जे कार्य सुरू झाले ते त्याने पुढे आयुष्यभर चालविले. बाखचे व बुसोनीचे नाव इतके एकत्र छापले जाऊ लागले की त्याच्या पत्नीस लोक ‘मिसेस बाख-बुसोनी’ समजू लागले, असा विनोद प्रसिद्ध आहे. १८९४ साली बाखच्या दुसऱ्या एका ग्रंथाच्या आपल्या आवृत्तीस त्याने एक दीर्घ परिशिष्ट जोडले. त्यात ऑर्गनरचना पियानोवर कशा आणाव्यात याचे सविस्तर शास्त्र त्याने सांगितले आहे. कोठे सप्तक दुणवावे, पेडल कोठे दाबावे व कोठे मुळीच दाबू नये, नळीसमूहांच्या बदलाचा आभास कसा आणावा, अशा गोष्टींचा त्यात विचार आहे.

परंतु बुसोनीच्या वाद्यांतरांत दोन प्रकार आहेत, व त्यांची सरमिसळ केल्यामुळे पुष्कळसे गैरसमज निर्माण झाले आहेत. पहिला प्रकार मोठ्या सभागृहासाठी केलेला. डी मायनरमधील विख्यात टोकाटा व फ्यूग त्यात येतो. तेथे पियानोकडून ऑर्गनचा गडगडाट काढून घेण्याची ईर्षा आहे, आणि टाळ्यांची अपेक्षाही आहे. आमच्या सहकाऱ्यांची हरकत या प्रकाराला पुष्कळ अंशी लागू पडते, हे मान्य करण्यास आम्हांस संकोच वाटत नाही. बाख आपल्या हस्तलिखितांच्या शेवटी ‘केवळ देवाला गौरव’ या अर्थाची लॅटिन आद्याक्षरे लिहीत असे. सभागृहातील विजयी वादकाच्या बाबतीत ते गौरव कोणाकडे जाते, हा प्रश्न विचारण्यासारखा आहे.

दुसरा प्रकार १८९८ साली प्रसिद्ध झालेल्या दहा कोराल-प्रेल्यूडांचा. त्यांच्या मुखपृष्ठावरच बुसोनीने ती ‘कक्षसंगीताच्या शैलीत’ वाद्यांतरित केल्याचे नमूद केले आहे. म्हणजे ती मोठ्या सभेसाठी नव्हत, लहान खोलीसाठी आहेत. दहा कुमारिकांचे गीत याच संग्रहात आहे. येथे निकोलाईंची चाल दोन्ही हातांच्या मधोमध येते. वर नाचती धून, खाली मंद्र चाल, आणि मधल्या स्वराला बोटांच्या भाराने वेगळे काढावयाचे. ज्याने हे वाजविण्याचा प्रयत्न केला आहे त्यास ठाऊक आहे की, यात प्रदर्शनास मुळीच वाव नाही. मधला आवाज ऐकू यावा म्हणून बाकीच्या बोटांनी लीन व्हावे लागते.

हरवले काय?

अशा रीतीने १५९९ चे गीत १७३१ साली कांटाटा, १७४८ च्या सुमारास ऑर्गनरचना व १८९८ साली पियानोरचना झाले. या प्रवासात नेमके काय हरवले? नळ्या हरवल्या, हे उघड उत्तर. पण ते खरे उत्तर आहे काय?

येथे आम्हांस एका प्रसंगाचे साहाय्य होते. १८९९ साली पॅरिसमध्ये आल्बर्ट श्वाइट्झर हा तरुण ईश्वरविज्ञानाचा अभ्यासक आपले ऑर्गनगुरू शार्ल-मारी विदोर यांच्यापाशी बाखची कोराल-प्रेल्यूडे अभ्यासीत होता. विदोर हे संत सुल्पिस चर्चचे ऑर्गनवादक; त्यांच्या हाताखाली पाच स्वरपटांचा, युरोपातील अग्रगण्य ऑर्गन होता. त्यांनी शिष्यापाशी कबुली दिली की, बाखचे प्रेल्यूड व फ्यूग त्यांना स्पष्ट कळतात, परंतु तो एखाद्या कोरालाला हात घालतो तेव्हा त्याचे तर्कशास्त्रच अगम्य होऊन जाते. श्वाइट्झरने उत्तर दिले की, असे होणे स्वाभाविक आहे, कारण या रचनांचा उलगडा त्या त्या गीताच्या शब्दांनीच होतो. मग त्याने ती गीते आठवणीतून फ्रेंचमध्ये गुरूंना सांगितली, आणि एकेका रचनेचे कोडे सुटत गेले. विदोर यांच्याच आग्रहावरून श्वाइट्झरने बाखवरील आपला ग्रंथ लिहिला. तो १९०५ साली प्रसिद्ध झाला.

आमच्या मते या प्रसंगात प्रस्तुत प्रश्नाचे मर्म आहे. विदोर यांच्यापाशी ऑर्गन होता, चर्च होते, उपासना होती, अलौकिक कौशल्य होते. नव्हते ते केवळ शब्द; आणि तेवढ्यामुळे रचना मुकी राहिली होती. बाखने कांटाटेतून टेनर काढून टाकला तेव्हा त्यास शब्द पुन्हा लिहिण्याची गरज वाटली नाही, कारण मंडळीला ते मुखोद्गत होते. पुढे श्रोते बदलले, स्मरण गेले. तेव्हा हानी झाली ती वाद्य बदलल्यामुळे नव्हे, तर शब्दांचे विस्मरण झाल्यामुळे. आणि ती हानी ऑर्गनवरही तितकीच होते. संत पौलाने करिंथ येथील मंडळीस लिहिताना पावा व वीणा यांचा दृष्टान्त घेतला आहे (१ करिंथ १४:७). त्याचा रोख वाद्य कोणते यावर नाही. ऐकणाऱ्यास काय वाजते आहे हे उमगते की नाही, यावर आहे.

आपणा मराठी ख्रिस्ती जनांस तरी हे नवीन वाटू नये. फादर थॉमस स्टीफन्स यांचे क्रिस्तपुराण १६१६ साली गोव्यात राचोल येथे छापले गेले. शुभवार्ता ओवीच्या चालीवर आली. पंडिता रमाबाईंनी अखेरपर्यंत श्रम घेऊन केलेले पवित्र शास्त्राचे भाषांतर १९२४ साली पूर्ण स्वरूपात निघाले. मूळ हिब्रू व ग्रीक ध्वनी आपल्या कानांना पारखेच राहिले, परंतु वचन पोहोचले.

तारांवरची प्रार्थना

इतिहासाची दुसरी बाजूही नोंदविली पाहिजे. श्वाइट्झर १९१३ साली डॉक्टर म्हणून आफ्रिकेतील लांबारेने येथे गेला, तेव्हा पॅरिसच्या बाख संस्थेने त्यास ऑर्गनसारख्या पायपट्ट्या जोडलेला व उष्ण हवेत टिकावा म्हणून जस्ताचे अस्तर लावलेला पियानो भेट दिला. जंगलात संगीत सोडून द्यावे लागणार असे त्याने मनाशी धरले होते. परंतु रुग्णसेवेतून मिळणाऱ्या थोड्याथोड्या फुरसतीत त्याने त्या तारांवर बाखच्या ऑर्गनरचना पुन्हा अभ्यासिल्या. ते कोणी मैफल म्हणणार नाही.

१९३९ साली लंडनवर युद्धाचे सावट असता नॅशनल गॅलरीतील चित्रे सुरक्षित स्थळी हलविली गेली, आणि रिकाम्या भिंतींमध्ये मायरा हेस या पियानोवादिकेने १० ऑक्टोबरपासून दुपारच्या मैफली सुरू केल्या. प्रवेशमूल्य एक शिलिंग. त्या १९४६ पर्यंत चालल्या. येशूविषयीच्या आनंदाचे बाखचे एक कोराल तिने पूर्वीच पियानोसाठी लिहून काढले होते. ते मूळचे ऑर्गनवरचे नव्हे, कांटाटेतील आहे. पण प्रश्न तोच. ही रचना त्या शहराच्या स्मरणात घर करून राहिली.

तीच रचना दिनु लिपात्ती या रुमानियन वादकाची सोबतीण झाली. असाध्य रोगाने ग्रासलेल्या लिपात्तीने १९५० च्या जुलैत जिनीव्हा येथे बुसोनीच्या दहांपैकी दोन कोराल-प्रेल्यूडे ध्वनिमुद्रित केली. त्याच वर्षी १६ सप्टेंबरला बेझांसों येथे त्याची अखेरची मैफल झाली. शोपँच्या चौदा वाल्ट्झांपैकी तेरा वाजवून झाल्यावर शक्ती संपली. थोड्या वेळाने तो पियानोपाशी परतला व त्याने चौदाव्याऐवजी बाखचे ते कोराल वाजविले. २ डिसेंबरला, वयाच्या तेहेतिसाव्या वर्षी, त्याचे निधन झाले. सभागृहही क्वचित प्रार्थनामंदिर होऊ शकते, याला याहून अधिक पुरावा आम्ही देऊ शकत नाही.

उपसंहार

आमच्या सहकाऱ्यांना आम्ही हे सारे सांगितले. वाद्यांतर स्वतः बाखनेच आरंभिले. पियानोचे वाद्यांतर अहंकाराचे साधन होऊ शकते, तसेच ते लीनतेचेही होऊ शकते. आणि दोहोंची कसोटी वाद्यात नसून वचनाच्या स्मरणात आहे, असा आमचा निष्कर्ष होता. त्यांनी तो ऐकून घेतला. हरकत सर्वस्वी मागे घेतली असे नाही. ते एवढेच म्हणाले, “मग वाचन आधी होऊ द्या, वाद्य नंतर.”

त्यानंतरच्या आठवड्यात आम्ही तसे केले. मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायातील दाखला त्यांनीच वाचला. निकोलाई व उन्ना येथील साथ यांविषयी दोन वाक्ये सांगितली गेली, आणि गीताच्या दुसऱ्या कडव्याचा आशय साध्या मराठीत एका विद्यार्थ्याने वाचून दाखविला. मग तीच रचना त्याच जुन्या पियानोवर वाजली. मधली चाल सुरू झाली तेव्हा पुढच्या बाकावरील काहीजण मान किंचित वर करून ऐकू लागले. कोणता आवाज पहारेकऱ्यांचा हे त्यांना आता ठाऊक होते.

आपल्या पुष्कळशा मंडळ्यांत नळ्यांचा ऑर्गन नाही. कोठे पेटी आहे, कोठे जुना पियानो, कोठे विजेवर चालणारे वाद्य. त्याची खंत बाळगण्याचे कारण आम्हांस दिसत नाही. जे वाद्य आहे त्यावर वाजवावे. मात्र वाजविण्यापूर्वी गीताचे शब्द मंडळीस द्यावेत.